जुनं घर घेताय? आधी गल्ली पाहा

घराच्या भिंती नंतर दुरुस्त करता येतात, शेजार नाही. म्हणून आवडलेल्या घराकडे निदान 3-4 वेळा जा: सकाळी कामाच्या घाईत, रात्री 10 नंतर, सुट्टीच्या दिवशी. आणि एकदा भर पावसात, हे तर चुकवूच नका. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं ते तेव्हाच कळतं. जुन्या वस्तीत रस्त्यावर थरावर थर चढत जातात, रस्ता उंच होतो आणि घराचं जोतं खाली राहतं. मग पाणी थेट दारात. कुंपणाच्या भिंतींवर ओलीच्या रेषा दिसतात का, तेही बघा. मी पहिल्या वेळी फक्त फरशी आणि खिडक्या बघत बसलो होतो!

आजूबाजूची घरं रंगवलेली, राहती आहेत की कुलूपबंद? ओळीने कुलपं दिसली तर कारण विचारा. एजंटाला नव्हे, समोरच्या ओट्यावर बसलेल्या आजोबांना. सांडपाण्याची लाइन किती जुनी, कितीदा तुंबते, हेही तेच सांगतील.

रस्ता रुंदीकरणाची रेषा अंगणातून जाते का, ते विकास आराखड्यात, म्हणजे शहराच्या नियोजनाच्या सरकारी नकाशात, तपासा. मगच भावाचं बोला.