मेलेल्या पेशी मोजून थांबू नकोस

तुझा मेसेज दोनदा वाचला. रेडिएशन दिल्यावर किती स्टेम सेल (नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी) मेल्या त्याचा ग्राफ छान झालाय, पण मला विचारशील तर खरा विषय तिथून पुढे सुरू होतो. मेली ती पेशी गेली, तिचा प्रश्न मिटला. तुटलेलं क्रोमोसोम कसंबसं जोडून घेऊन जी जगली ना, तिच्याकडे बघ, कारण तिची पिल्लावळ वर्षानुवर्षं चालणार आहे.

१ ग्रे (रेडिएशनच्या डोसचं एकक) एवढे एक्स-रे मिळाले की एका पेशीत डीएनएचा एकच धागा साधारण हजारभर ठिकाणी तुटतो, आणि दोन्ही धागे एकदम तुटण्याच्या जागा २० ते ४० च असतात. हजारांचं फार टेन्शन नाही, समोरचा धागा शाबूत असतो, त्यावरून बघून भरून काढता येतं. घोळ त्या २०-४० चा. आणि रक्ताची स्टेम सेल बहुतेक वेळ डिव्हाइड न होता शांत पडून असते, म्हणजे बघून दुरुस्त करायला डीएनएची दुसरी कॉपी तयारच नसते, मग ती समोर आलेली दोन टोकं जोडून मोकळी होते. जीव वाचतो, पण टोकं भलत्याच क्रोमोसोमची असू शकतात.

स्लाइडवर डायसेंट्रिक, म्हणजे चुकीच्या जोडणीतून झालेलं दोन कंबरांचं क्रोमोसोम, दिसलं की घाई करू नकोस, नीट बघ. एकाच क्रोमोसोमला दोन ठिकाणी कंबर (सेंट्रोमिअर, जिथून पेशी दोन होताना क्रोमोसोम ओढलं जातं) आवळल्यासारखी दिसते आणि बहुतेक वेळा जवळपास एक बिनकंबरेचा तुकडा पडलेला असतो, तो सापडला की खात्री पटते. पेशी दोन होताना ह्या दोन कंबरा विरुद्ध बाजूंना ओढल्या गेल्या तर मधे पूल तयार होतो, तो तुटतो नाहीतर पेशीच अडकते, आणि तो सुटा तुकडा मागे राहून मायक्रोन्यूक्लियस, म्हणजे वेगळं छोटं केंद्रक, बनतो. म्हणून डायसेंट्रिक फार टिकत नाही. ट्रान्सलोकेशन, म्हणजे दोन क्रोमोसोममधली तुकड्यांची अदलाबदल, मात्र टिकतं, दोन्ही क्रोमोसोमना एकेक कंबर असते, सगळं सुरळीत वाटून दिलं जातं. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांच्या रक्तात कित्येक दशकांनंतरही ट्रान्सलोकेशन सापडली ती ह्याच कारणाने.

मी शिकत असताना स्लाइड फार उशिरा केल्या होत्या, डायसेंट्रिक जवळजवळ नव्हतेच, मी वहीत लिहून टाकलं की नुकसान कमी. गाईडनी वही बघून एवढंच विचारलं, ह्या पेशी आत्तापर्यंत किती वेळा डिव्हाइड झाल्यात? माझ्याकडे उत्तर नव्हतं, सगळं परत करावं लागलं. तेव्हा डायसेंट्रिक पहिल्याच डिव्हिजनला मोज, आणि उशिराच्या पेशींसाठी फिश (क्रोमोसोमना वेगवेगळे चमकणारे रंग देण्याची पद्धत) करून क्रोमोसोम रंगव, नुसत्या गिम्सावर (नेहमीचा साधा रंग) ट्रान्सलोकेशन सहज निसटतात.

अजून एक, सगळ्याला सरसकट ‘स्टेम सेल’ म्हणू नकोस. लहान आतड्यातल्या रेडिएशननंतर पटकन मरतात, केसांच्या मुळाजवळच्या बऱ्याच तग धरतात. तुझ्या पेशी कुठल्या आणि त्या वेळी शांत होत्या की डिव्हाइड होत होत्या, हे लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

आणि १९६३ चं बेकर, मॅकलॉक आणि टिल यांचं काम नक्की वाच, मला ते अजूनही भारी वाटतं. उंदरांच्या प्लीहेत वाढणारी प्रत्येक कॉलनी (पेशींचा पुंजका) एकाच पेशीतून येते का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी रेडिएशननेच क्रोमोसोममध्ये खुणा पाडल्या. प्रत्येक खूण वेगळी, आणि जिथे ती सापडली त्या कॉलनीतल्या जवळजवळ सगळ्या पेशींत तीच! ज्याला आपण नुकसान म्हणून मोजतो त्याच्यावरूनच त्यांनी आई कोण ते ओळखलं.

तुझ्या वाचलेल्या कॉलनी फ्रीझ केल्या असशील तर टाकू नकोस. एकेका कॉलनीतल्या वीसेक मेटाफेजचे (डिव्हाइड होताना क्रोमोसोम स्पष्ट दिसतात त्या टप्प्यातल्या पेशींचे) फोटो पाठव, कॉलनी एकत्र न करता, आपण बसून बघू.