वाचक विचारतात : स्टँड कलंडतो, पान उडतं, माइक शिट्टी मारतो

या वेळच्या पत्रांत वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांच्या, वही ठेवायच्या स्टँडची तक्रार सगळ्यात जास्त आहे, म्हणून सदर त्यालाच दिलं आहे. मापं सेंटिमीटर-मिलिमीटरमध्ये आहेत. पाइपचं बोलणं मात्र उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, इंच आणि गेजमध्येच चालतं, तिथे तसंच ठेवलंय.

प्रश्न : ऑर्केस्ट्रात उभा राहून व्हायोलिन वाजवतो. तीन पायांचा स्टँड गणेशोत्सवात दोनदा माझ्याच अंगावर आला. पाय लांब करून घेऊ का? की पाच पायांचा बेस बरा? (राजारामपुरी)

पाय लांब करण्याआधी ते कोणत्या दिशेला ठेवता ते बघा. तीन पायांचा स्टँड पायाच्या टोकावरून पडत नाही, दोन पायांच्या मधल्या रेषेवरून पडतो. पाय २८ सेंमीचे असतील तर ही रेषा दांडीपासून फक्त १४ सेंमीवर असते, म्हणजे बरोबर निम्म्यावर. पाटी, म्हणजे वही ठेवायचा वरचा पत्रा, दांडीच्या पुढे, तुमच्या बाजूला बसवलेली असते, त्यामुळे वहीचं वजनही तुमच्याच बाजूला असतं. आणि बहुतेक जण पाय अडखळू नये म्हणून दोन पायांमधली मोकळी जागा स्वतःकडे ठेवतात. कमजोर बाजू आणि वजन एकाच दिशेला आल्यावर दुसरं काय होणार?

आकड्यांत बघा. बेस आणि दांडी मिळून ३ किलो, पाटी आणि वही मिळून १.६५ किलो, हे वजन दांडीपासून ६ सेंमी पुढे, पाटीची उंची ११५ सेंमी. मोकळी जागा तुमच्याकडे असेल तर पाटीला जेमतेम अर्धा किलोचा ओढा लागला की स्टँड तुमच्या अंगावर येतो. एक पाय सरळ तुमच्याकडे केला की तिथे एक किलोच्या वर जोर लागतो. समोरच्या दिशेला साडेसहाशे ग्रॅम. दोन्ही तिरक्या बाजू मात्र अर्ध्या किलोच्या आसपासच राहतात, ते लपवण्यात अर्थ नाही. त्यावर उपाय वजनाचा: दांडीच्या बुडाशी २ किलो वाळूची पिशवी टाकली की प्रत्येक बाजूला साधारण पाव किलोची भर पडते. तुमच्याकडचा पाय २८ सेंमीतच संपतो आणि तुम्ही दांडीपासून त्याहून लांब उभे असता, त्यामुळे तो पायात येत नाही.

पाच पायांत ही रेषा २८ पैकी साडेबावीस सेंमीवर जाते, चारांत वीसवर. स्थैर्य वाढतं हे खरं. पण मांडवातल्या फळ्या आणि वर अंथरलेलं जाजम कधी सपाट नसतं. तिथे चार-पाच पायांतला एखादा अधांतरी राहतो आणि स्टँड डुगडुगतो. तीन पाय कुठेही टेकतात. पक्क्या नाट्यगृहातच कार्यक्रम असतील तर पाच, मांडवातही असतील तर तीन आणि वाळू.

घरी तपासायचं तर बॅगा तोलायचा हुकाचा काटा घ्या, वही ठेवलेल्या पाटीच्या कडेला अडकवा आणि आडवा ओढा. किती ग्रॅमला पाय उचलला ते चारही दिशांनी लिहून ठेवा. नवा स्टँड घेतानाही दुकानात हे करायला लाजू नका.

प्रश्न : उघड्या मैदानात वाऱ्याने स्टँड पडतो. भोकं पाडलेली जाळीची पाटी केली तर वारा आरपार जाईल ना? (शिवाजी पेठ)

जाईल, वही ठेवेपर्यंत. वही उघडून ठेवली की भोकं झाकली, पाटी पुन्हा सलग झाली. जाळीचा फायदा वजनाला आणि आवाजाला होतो, वाऱ्याला फार नाही.

५० × ३३ सेंमीच्या पाटीवर ताशी ३६ किलोमीटरचा झोत तुमच्या पाठीमागून आला तर साधारण १.२ किलोचा ढकला बसतो. वर सांगितलेला स्टँड समोर साडेसहाशे ग्रॅमला पडतो. मधला फरक भरून काढायला दांडीच्या बुडाशी साडेचार ते पाच किलो वाळू लागते. ताशी १८ किलोमीटरला हाच ढकला चौथाईवर, म्हणजे तीनशे ग्रॅमवर येतो. म्हणून साध्या झुळकेत काही होत नाही आणि पावसाच्या आधीच्या एका झोतात सगळं आडवं होतं. उघड्यावर पाटी शक्य तितकी खाली घ्या. पानांना कपड्यांचे चिमटे चालतात, पण पान उलटताना आवाज होतो; त्याऐवजी पाटीच्या दोन्ही कडांना उभा ८ मिमी इलॅस्टिकचा पट्टा लावा, पान त्याखालून सरकतं.

प्रश्न : माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. संगीत क्लासने बारा स्टँड मागितलेत. नमुन्याच्या स्टँडची वरची दांडी हलते आणि कार्यक्रमात हळूहळू खाली बसते. कसं करू? (शिवाजी उद्यमनगर)

दोन वेगळे दोष आहेत. आधी हलण्याचं. बाहेरचा पाइप १ इंच, १८ गेज, म्हणजे जाडी १.२ मिमी. आतला व्यास साधारण २३ मिमी. आतला पाइप ७/८ इंच, म्हणजे २२.२ मिमी. मध्ये ०.८ मिमीचा प्ले, म्हणजे मोकळीक, राहतो. दांडी पूर्ण वर काढल्यावर आत फक्त १० सेंमी उरली, तर ६० सेंमी वर पाटी जवळजवळ ५ मिमी हलते. आत २० सेंमी ठेवली तर हेच अडीच मिमीवर येतं. म्हणून दोन्ही पाइप ६५-६५ सेंमीचे घ्या आणि आतल्या पाइपवर खालून २० सेंमीला लाल रंगाची रेघ मारा: ती दिसली की त्याच्या वर काढायचं नाही. बेसची ५ सेंमी धरून पाटीचा मध्य ७० ते ११५ सेंमीपर्यंत फिरतो. खुर्चीवर बसणाऱ्याला आणि उभ्या माणसाला, दोघांना पुरतो. १६ गेजचा पाइप जास्त मजबूत म्हणून घेऊ नका. त्यात ७/८ चा पाइप जातच नाही.

आणखी एक अडचण बाहेरून दिसत नाही. ईआरडब्ल्यू, म्हणजे पट्टी गोल करून वेल्डने जोडलेल्या पाइपच्या आत जोडाची शीर असते. आतला पाइप त्यावर घासतो, एका बाजूला चेपतो, वर-खाली करताना करकरतो. तोंडाकडची ५ सेंमी शीर गोल कानशीने साफ करा. आतल्या पाइपच्या खालच्या टोकाला नायलॉनचा बुश (फटीत बसणारी कडी) लेथवर काढून ठोका आणि त्याला शिरेपुरती खाच ठेवा. दुसरा बुश बाहेरच्या पाइपच्या तोंडाशी. या दोन ठिकाणी धरलं की मधल्या प्लेची फिकीर नाही.

आता खाली बसण्याचं. नमुन्यात नॉबचा स्क्रू थेट पाइपवर टेकत असणार. आठ-दहा वेळा आवळल्यावर पाइपवर खड्डा पडतो, मग उंची थोडी इकडे-तिकडे लावली तरी स्क्रू घसरून त्याच खड्ड्यात जातो. स्क्रूच्या टोकाला पितळी तुकडा घातला तर त्रास कमी होतो. खरा उपाय सायकलच्या सीटखाली असतो तसा गोल आवळणारा क्लॅम्प. बाहेरच्या पाइपच्या तोंडाला ४० मिमी उभी चीर द्या, पण चिरेच्या तळाशी आधी ६ मिमीचं भोक पाडा. नाहीतर दोन महिन्यांत चीर खाली वाढते. चीर जोडाच्या शिरेवर घेऊ नका. क्लॅम्प घेताना व्यास मोजायचा व्हर्नियर बरोबर न्या, बाहेरचा व्यास २५.४ मिमी आहे.

आतल्या पाइपला पावडर कोटिंग नको. दोन्ही बाजूंचा मिळून १२०–१६० मायक्रॉनचा थर चढतो, बुशात अडकतो आणि पहिल्याच आठवड्यात खरवडून निघतो. तो क्रोम करून घ्या. बाकी सगळ्याला काळं मॅट कोटिंग. चकचकीत काळ्यावर स्टेजचे दिवे चमकतात.

पाटीसाठी दीड मिमी ॲल्युमिनियम. एक मिमी लोखंडी पत्र्याची ५० × ३३ ची पाटी कडा न धरताच १.३ किलो भरते, तेवढी जड पाटी वर ठेवून बेस हलका करण्यात शहाणपण नाही. पत्रा ५२ × ४० सेंमी कापा: वर आणि दोन्ही बाजूंना १ सेंमी दुमड, खाली ५ सेंमी पुढे वाकवून त्याचं टोक १ सेंमी वर. कोपरे वाकवण्याआधी कापून घ्या. कडा दुमडल्या नाहीत तर पत्रा विशिष्ट सुरांना झणझणतो, आणि वादकाला वाटतं आपलं वाद्यच बिघडलं. कडक प्रतीच्या पत्र्याला दुमडताना तडा जातो, मऊ प्रत मागा. खालची पट्टी पाटीशी काटकोनाहून किंचित कमी ठेवा, वही मागेच टेकून राहते.

पाटी झुकवायच्या सांध्यात ८ मिमीचा बोल्ट, दोन्ही पट्ट्यांमध्ये फायबरचे वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा). पंखाचा नट एकटा टिकत नाही. ढोलकीच्या ठेक्यावर तोही सैल होत जातो.

प्रश्न : ओळखीच्या फाउंड्रीत टेबल फॅनसारखा बिडाचा गोल बेस ओतून मिळेल. चालेल का? (शिरोली)

चालेल, आणि क्लासमध्ये कायम एका जागी राहणाऱ्या स्टँडला तोच उत्तम. ३० सेंमी व्यास, ८ मिमी जाडी धरली तर वजन ४ किलो होतं. खालची बाजू पोकळ ओता, म्हणजे फक्त कड टेकेल. तळ सपाट ठेवला तर मधल्या एका उंचवट्यावर तो गरगर फिरतो. एक चूक हमखास होते: फरशीवर चरे पडू नयेत म्हणून खाली तीन रबरी बटणं चिकटवली जातात. मग स्टँड १५ सेंमीच्या कडेवर उभा राहत नाही, तीन बटणांवर उभा राहतो, आणि पडायची रेषा १५ वरून साडेसहा-सात सेंमीवर येते. रबर लावायचं तर कडेला पूर्ण गोल पट्टी लावा.

प्रश्न : भजनी मंडळात पेटी वाजवतो. वही पेटीवरच ठेवतो, पण ती भात्याबरोबर सरकते. पोथीची ठवणी समोर ठेवली तर अक्षर दिसत नाही. (वडणगे)

पेटीवर वही ठेवली की वरची जाळी झाकली जाते आणि आवाज दबतो, ते वेगळंच. ठवणी भात्याच्या पलीकडे ठेवावी लागते आणि उंचीला कमी, म्हणून अक्षर लांब जातं.

तुम्हाला पेटीच्या वजनावर उभा राहणारा स्टँड हवा. ४० × ५ मिमीच्या दोन लोखंडी पट्ट्या, प्रत्येकी साधारण ६५ सेंमी, एकमेकींपासून ३० सेंमीवर समांतर. पेटी या दोन्हींवर बसते. एकाच पट्टीवर बसवली तर हलेल. पट्ट्यांवर ३ मिमी रबर चिकटवा, नाहीतर भात्याचा प्रत्येक हिसका पानापर्यंत पोहोचतो. रबराने तो कमी होतो, पूर्ण जात नाही. मागे दोन्ही पट्ट्या आडव्या पट्टीने जोडून त्यावर दांडी. तिची जागा ठरवायला भाता पूर्ण उघडा, जमिनीवर खडूने खूण करा आणि आणखी ३ सेंमी मागे घ्या. दांडीपासून पुढे आडवा हात काढून पाटी पेटीच्या वर आणा. पाटीची खालची कड पेटीच्या वर १५ सेंमी हवी, कारण डावा हात तिथूनच भात्याकडे जातो. पाटी मध्यापासून चार बोटं उजवीकडे सरकवली तर आणखी मोकळं. झुकाव उभ्या रेषेपासून ४० अंश. असं केल्यावर पाटीची वरची कड जमिनीपासून ६५ सेंमीच्या आसपास राहते, बसलेल्या माणसाचे डोळे ७५ ला असतात, म्हणजे मंडळींना तुमचा चेहरा दिसतो.

प्रश्न : सुगम संगीताच्या कार्यक्रमात स्टँड समोर घेतला की माइक शिट्टी मारतो. साउंडवाला म्हणतो स्टँड काढा. (ताराबाई पार्क)

साउंडवाल्याचं खरं आहे, पण स्टँड काढायची गरज नाही. पाटी सपाट आणि कडक असते. समोरच्या मॉनिटरचा (गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरचा) आवाज किंवा तुमचाच आवाज तिच्यावर आपटून माइकमध्ये पुन्हा शिरतो. पाटी छातीच्या खाली आणा, जवळजवळ आडवी करा आणि मधोमध न ठेवता जरा डावीकडे घ्या. मॉनिटर आणि तुमचं तोंड यांच्यामध्ये पाटी येत नाही ना, हे खाली वाकून बघा. पाटीवर ३ मिमी जाड काळं फेल्ट चिकटवलं तर झणझण थांबते आणि वहीही सरकत नाही. शिट्टीला मात्र जागा बदलणंच कामी येतं.

प्रश्न : स्टँडचा दिवा पॉवर बँकेवर लावला तर मध्येच बंद पडतो. बँक पूर्ण भरलेली असते. (कसबा बावडा)

दिवा फार कमी वीज घेतो, त्यामुळे काही बँकांना वाटतं चार्जिंग संपलं आणि त्या स्वतःहून बंद होतात. कमी विजेवर चालू राहण्याची सोय असलेली बँक घ्या, किंवा ५ वॅटचा, ३० सेंमी लांब पट्टीचा दिवा. दहा हजार एमएएचच्या बँकेवर तो सहा तासांच्या आसपास चालतो. टोकावर मान असलेला छोटा दिवा एकच पान उजळतो, दुसरं अंधारात. प्रकाश पिवळसर घ्या, आणि पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचीच असतील तर मॅट.

प्रश्न : वय पंचावन्न. वाचायच्या चष्म्यातून नोटेशन पुसट दिसतं, चष्मा काढला तरी पुसट. स्टँड जवळ घेतला तर गजाला अडतो. (मंगळवार पेठ)

वाचायचा चष्मा ३५–४० सेंमीसाठी केलेला असतो, स्टँड ६० ते ७० सेंमीवर असतो. वाद्य हातात घेऊन, रोजच्या सवयीने बसून, डोळ्यापासून पाटीच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने दुसऱ्याकडून मोजून घ्या आणि तोच आकडा चष्मा करताना सांगा. 'संगीतासाठी' एवढंच सांगितलं तर उपयोग होत नाही. तोपर्यंत अक्षर वाढवा: ४० सेंमीवर १४ पॉइंट वाचता येत असेल तर ६५ सेंमीवर २३ पॉइंट लागतो. ओळींमधली जागाही तशीच वाढवा, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या मंद्राच्या (खालच्या सप्तकाच्या खुणेच्या) टिंबात मिसळते.