शांत घरासाठी सात महिन्यांचा पगार?

प्रश्न: आम्ही दोघंही नोकरी करतो. घरात पाऊल टाकलं की डोकं जड होतं. डायनिंग टेबलावरचा पसारा कोपराने सरकवून जेवावं लागतं. एका इंटिरियर डिझायनरने मोकळ्या, शांत घराचा आराखडा दिला आहे. खर्च आमच्या दोघांच्या मिळून सात महिन्यांच्या पगाराएवढा. निम्मे पैसे १४ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जातून पाच वर्षांसाठी, निम्मे आपत्कालीन निधीतून, असा विचार आहे. आराखड्याचे पैसे देऊन झालेत. यजमान म्हणतात, एकदाच काय ते करून टाकू. करावं का?

उत्तर: आत्ता नको. पण तुमची गरज खोटी आहे असं मी म्हणणार नाही. डार्बी सॅक्सबी आणि रीना रेपेट्टी या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली नोकरी करणाऱ्या जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घराचं वर्णन करताना ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं जास्त आली, त्यांच्यात कॉर्टिसोल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. तेव्हा डोकं जड होतं हे लाड नाहीत. माझी हरकत आहे ती कोटेशनला.

तुम्ही पाठवलेल्या तपशिलात सातपैकी चार महिन्यांचे पैसे कपाटांवर जातात. एक महिना फॉल्स सीलिंगवर, एक भिंतीवरच्या पॅनेलवर, आणि रंग, पडदे, दिवे, सोफा मिळून उरलेला एक. म्हणजे मोकळ्या घराच्या नावाखाली तुम्ही मुख्यतः सामान कोंबायची जागा विकत घेताय.

ती जागाही फुकट नसते. कपड्यांचं कपाट दोन फूट खोल असतं. दहा फुटांची भिंत भरून केलं की वीस चौरस फूट गेले. खोली दहा बाय बाराची असेल तर तिचा सहावा भाग. या घराचा हप्ता तुम्ही अजून भरताय. त्या खोलीपुरत्या सहाव्या हिश्श्यात आता जुन्या चादरी आणि रिकामी खोकी राहायला येतील. मीही हे केलंय. हौसेने पूर्ण भिंतभर कपाट करून घेतलं आणि वर्षभरात खालचे दोन ड्रॉवर कुठल्या मोबाइलचे ते आठवत नाही अशा चार्जरांनी भरले.

आता हिशेब. साडेतीन महिन्यांच्या पगाराएवढं कर्ज १४ टक्क्यांनी पाच वर्षं घेतलं, तर मुद्दलाच्या जवळजवळ १.४ पट रक्कम परत जाते. नुसत्या व्याजात तुमची एक महिना बारा दिवसांची कमाई संपते. गृहकर्जाचा हप्ता आज पगाराच्या ३५ टक्के आहे. त्यात आठ टक्क्यांची भर पडून ४३ होतील.

खरी भीती निधीची आहे. तुमच्याकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे, पगाराच्या भाषेत साडेचार महिने. त्यातून साडेतीन काढले की उरतो एक, आणि वाढलेल्या हप्त्यासकट त्यात जेमतेम सव्वा महिना निघेल. आज पगाराचा चौथा हिस्सा शिल्लक पडतो, तो १७ टक्क्यांवर येईल. निवृत्तीची गुंतवणूक थांबवून ती सगळी शिल्लक निधीत टाकली तरी खड्डा भरायला एकवीस महिने लागतात. तेवढ्या काळात दोघांपैकी एकाचीही नोकरी डळमळली, तर त्या सुंदर खोलीत बसून तुम्ही हप्त्याच्या तारखा मोजाल. शिवाय भिंतीत ठोकलेली कपाटं अडीअडचणीला विकताही येत नाहीत. गिऱ्हाईक घराला भाव देतं, तुमच्या लॅमिनेटला क्वचितच.

आराखड्याचे पैसे विसरा. काम केलं तरी गेले, नाही केलं तरी गेले. आराखडा मात्र जपून ठेवा.

मी असं करीन. पुढचे तीन महिने सुताराला बोलवायचं नाही, फक्त सामान काढायचं, आणि सुरुवात त्याच डायनिंग टेबलापासून. तिथे काय साचतं ते आठवडाभर लिहून ठेवा. माझा अंदाज: कागद, किल्ल्या, पिशव्या, औषधं. यांना दाराजवळ एक फूट खोलीचं, बंद दरवाजांचं छोटं कपाट पुरतं. वस्तू विकायला काढाल तेव्हा मन तिची किंमत फुगवून सांगेल. मानसशास्त्रज्ञ कानेमन, अर्थतज्ज्ञ थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० साली कॉफीच्या साध्या मगांवर प्रयोग केला होता. घेणारे जेवढे द्यायला तयार होते, त्याच्या साधारण दुप्पट पैसे मग हातात असलेल्यांनी तो विकायला मागितले. त्यामुळे पहिला बरा भाव आला की देऊन टाका. कोणी घेत नसेल तर वाटून टाका, पण घासाघीस करत दिवाणखान्यात ठेवू नका.

दरम्यान दरमहाची शिल्लक वेगळ्या खात्यात टाका. सहा महिन्यांत दीड महिन्याचा पगार जमेल. कर्ज नाही, निधीला हात नाही. तेवढ्यात रंग, पडदे, दाराजवळचं ते कपाट आणि दिवे बसायला हवेत. दिव्यांवर कंजुषी करू नका. पांढऱ्याफटक प्रकाशाऐवजी २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उबदार प्रकाशाचे एलईडी घ्या आणि छतावरच्या एका झगझगीत दिव्याऐवजी कोपऱ्यांत दोन-तीन मंद दिवे ठेवा. फॉल्स सीलिंगने उंची कमी होते, ते मी कोटेशनमधून सरळ खोडलं असतं. सोफ्याला नवं कापड लावून बघा. वायरिंग जुनं असेल तर मात्र ते रंगाच्या आधी उरकून घ्या, नाहीतर भिंत दोनदा फोडाल.

यजमानांचं ‘एकदाच काय ते’ मला समजतं, रोजचा खडखडाट आणि धूळ कोणाला हवी! पण घर भरलेलं असताना घेतलेलं माप त्या भरलेल्या सामानाचंच माप असतं. सहा महिन्यांनी त्याच डिझायनरला रिकामी झालेली खोली दाखवा आणि नुसत्या सल्ल्याची वेगळी फी देऊन नवं कोटेशन मागवा. कपाटांचे किती रनिंग फूट, म्हणजे भिंतीलगतच्या लांबीचे फूट, कमी झाले, ते मला कळवा. आकडा तरीही चार महिन्यांच्या पगाराएवढा आला, तर सही करायच्या आधी कागद माझ्याकडे पाठवा.