जुन्या वॅगन आरसाठी सात-आठ हजारांत कोणता स्टिरिओ घ्यावा? (ठाणे)

तुमचं रोजचं जाणं-येणं घोडबंदर रोडवरून, आणि हवंय गाणी, फोन आणि एफएम. मग या पैशांत अँड्रॉइड स्क्रीनच्या मागे लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या किमतीतल्या बऱ्याच स्क्रीनमध्ये रॅम एक-दोन जीबीच असते, त्यामुळे मॅप उघडायलाही वेळ लागतो आणि उन्हात काही दिसत नाही. नकाशा मोबाइलवरच बघा. पायोनियर किंवा सोनीचा ब्लूटूथ आणि यूएसबी असलेला साधा सेट घ्या.

आधी डॅशबोर्डमधली जागा मोजा. सेटचे दोन ठरलेले आकार असतात: सिंगल डिन म्हणजे साधारण १८० बाय ५० मिमी, डबल डिनची उंची १०० मिमी. मोठ्या जागेत लहान सेट बसवायचा तर वेगळी फ्रेम लागते.

खोक्यावरच्या '५० वॅट x ४' वर जाऊ नका. तो कमाल आकडा. सलग मिळणारी ताकद आरएमएसमध्ये लिहिलेली असते, बहुतेक वेळा २० वॅटच्या आसपास. पुढेमागे अँप (वेगळा अँप्लिफायर) किंवा सबवूफर (बासचा स्पीकर) लावायचा विचार असेल तर सेटच्या मागे प्री-आउट, म्हणजे अँपला आवाजाचा सिग्नल देणारं सॉकेट, आहे ना, ते बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फिटिंग. गाडीची मूळ वायर कापू देऊ नका, कपलर (मूळ वायरच्या सॉकेटमध्ये बसणारा जोड) लावूनच बसवायला सांगा. सेटची पिवळी वायर कायम १२ व्होल्टवर, लाल वायर चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवर. चुकीची जोडली तर गाडी बंद केल्यावर सेटिंग पुसली जाते, किंवा सेट चालू राहून बॅटरी उतरते. बिल आणि वॉरंटी कार्डावर शिक्का तिथेच घ्या.