गेममध्ये ओळखलेला शब्द डोळ्यांनी कधी बघायचा?

प्रश्न: ताई, माझी मुलगी नववीत आहे. चित्रकलेची भारी आवड, पुढे पणजीतल्या आल्तिन्यावरच्या आर्ट कॉलेजातच जायचं म्हणते. हल्ली ती मोबाइलवर शब्द ओळखायचा गेम खेळते, रिकाम्या जागा असतात, एकेक इंग्रजी अक्षर सांगायचं, चुकलं की एक चान्स जातो, आणि सगळे शब्द आर्टचे. परवा 'कियारोस्क्युरो' जिंकली पण वाचला 'चियारोस्क्युरो', आणि अर्थ विचारला तर गप्प! वेळ फुकट जातोय का? बंद करू का?
– एक आई, फोंडा

उत्तर: बंद नका करू हो. एवढा अवघड शब्द तिला स्पेलिंगसकट आठवतोय, हे कमी नाही. पण या गेममध्ये अर्थ माहीत नसला तरी जिंकता येतं, आधी ए, ई, आय, ओ टाकून बघायचे आणि मग उरलेलं अंदाजाने भरायचं, त्यामुळे अर्थाचं काम तुम्हा दोघींनाच करावं लागणार.

'कियारोस्क्युरो' इटालियन शब्द आहे, कियारो म्हणजे उजळ, ओस्कुरो म्हणजे काळोखी, आणि इटालियनमध्ये सीएचचा उच्चार 'क' होतो म्हणून तिची गल्लत झाली. आपल्याकडे छायाप्रकाश म्हणतात. आज रात्री खोलीतले दिवे बंद करा, समई लावा, बाजूला एक नारळ ठेवा आणि तिला कोळशाने तो काढू दे, कुठे उजळ, कुठे काळोख आणि मधे किती छटा हे एकदा हाताने काढलं की हा शब्द ती जन्मात विसरणार नाही.

आणि आपण गोव्यात राहतो हे किती नशीब! 'फ्रेस्को' म्हणजे ताजं, पोर्तुगीजमध्येही तोच अर्थ, घरात जुनं कोणी पोर्तुगीज शिकलेलं असेल तर लगेच सांगेल. भिंतीचा गिलावा ताजा, ओला असतानाच त्यावर चित्राचा रंग लावायचा, मग चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंग त्यातच बसतो. तिच्या गेममध्ये 'स्ग्राफिटो' पण येईल, त्याचं मूळ खरवडण्यात आहे, आणि तो बघायला इटलीला जायला नको, आपली कावी कला तीच की! चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडायचा, खालचा पांढरा चुना उघडा पडतो आणि वेलबुट्टी दिसते. मोरजीच्या मोरजाई देवळात घेऊन जा तिला. मला मनापासून वाईट वाटतं की आमची मुलं परदेशी शब्द पाठ करतात आणि कावी हा शब्द त्यांच्या कानावरच नसतो, आणि जीर्णोद्धारात टाइल्स लावताना अशा भिंती जातात तेव्हा कोणाला काही वाटतही नाही.

पणजीला गेलात तर मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातच निळ्या-पांढऱ्या 'अझुलेजो', म्हणजे चित्रं काढलेल्या टाइल्स आहेत, पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासोच्या, 1935 सालच्या. आता पोर्तुगीजमध्ये अझुल म्हणजे निळा म्हणून सगळ्यांना वाटतं शब्द तिथून आला, पण तो मूळ अरबी, घोटून गुळगुळीत केलेल्या दगडासाठीचा. हे तिला तिथे उभं राहूनच सांगा. ओल्ड गोव्यातलं बॉम जेझुस चर्च तर जवळच, आतली सोनेरी वेदी बघितली की 'गिल्डिंग', म्हणजे सोन्याचा मुलामा, वेगळं समजवावं लागणार नाही.

घरी हाच गेम कागदावर मराठीत खेळा. काना-मात्रा आधीच दाखवायच्या, फक्त अक्षरं ओळखायची, नाहीतर फार कठीण होतो. भित्तिचित्र, स्थिरचित्र, रेखाटन, पोत असे शब्द घ्या. नियम एकच ठेवा, शब्द ओळखला तरी पॉइंट अर्धाच, उरलेला अर्धा तो शब्द घरात नाहीतर गावात कुठे दिसतो ते दाखवल्यावर. पोतासाठी आधी अंगणातल्या चिऱ्यावरून हात फिरवायला सांगा, मग पाटीच्या दगडावरून.