‘मला सोडून तुम्ही निघा’ असं म्हणणाऱ्यांसाठी

“आग लागली, भूकंप झाला, पाणी शिरलं तर माझं काय होणार?” चालता न येणारी, न दिसणारी, ऐकू न येणारी माणसं हा प्रश्न मला वारंवार विचारतात. बहुतेकदा त्यामागे आणखी एक प्रश्न असतो आणि तो ओठांवर यायला वेळ लागतो: माझ्यामुळे घरच्यांचं काय होणार?

अशाच एका बाईंचा हा अनुभव त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पस्तिशीचं. मणक्याच्या दुखापतीनंतर कमरेखाली हालचाल नाही, संवेदनाही नाही. आईसोबत चौथ्या मजल्यावर राहतात. बॅटरीच्या व्हीलचेअरवरून कामाला जातात, सगळं आपलं आपण बघतात. एका रात्री इमारतीत आगीचा अलार्म वाजला आणि लिफ्ट बंद झाली. लोक धडाधड जिना उतरत होते आणि या दोघी उघड्या दारातच अडकून. अलार्म खोटा होता. थोड्या वेळाने सगळे वर येऊन झोपलेसुद्धा. यांची झोप मात्र त्या रात्रीपासून उडाली.

बोलता बोलता त्या म्हणाल्या, “मी आईला बजावून ठेवलंय, पुन्हा असं झालं तर तू निघ. माझ्यापाशी थांबायचं नाही.”

“काहीतरीच बोलतेस,” आई म्हणाल्या, आणि विषय तिथेच मिटला. घरीही तो असाच मिटत असणार.

मी तो मिटू दिला नाही. आईंना विचारलं, “खरंच वेळ आली तर काय कराल?” “हिला सोडून मी कुठे जाणार, मॅडम?” “मग दोघी मिळून काय कराल?” यावर दोघी गप्प झाल्या. ‘तू जा’ आणि ‘मी जाणार नाही’, दोन्ही वाक्यांत जीव ओतलेला होता, पण जिना कसा उतरायचा ते एकातही नव्हतं. हे मी त्यांना स्पष्टच सांगितलं. बाईंना रडू आलं. आईंनी पहिल्यांदाच कबूल केलं की मुलीला उचलण्याची ताकद आता आपल्यात राहिलेली नाही.

अशा वेळी ‘काही होत नाही, घाबरू नका’ असा धीर देणं मला पटत नाही. ही भीती मनाचे खेळ नव्हे. २०१३ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाहणीत अपंगत्व असलेल्या लोकांपैकी जेमतेम २० टक्के म्हणाले होते की अचानक संकट आलं तर विनाअडचण लगेच बाहेर पडता येईल. ७१ टक्के लोकांकडे स्वतःची कसलीच योजना नव्हती. हे ऐकून बाई म्हणाल्या, “म्हणजे घाबरणारी मी एकटी नाही.” झोपेसाठी श्वासाचे व्यायाम दिले, पण खरा इलाज जिन्यावरच होता.

मी त्यांना जॉन अब्रुझो यांच्याबद्दल सांगितलं. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये काम करणारे, व्हीलचेअर वापरणारे गृहस्थ. १९९३च्या बॉम्बस्फोटात त्यांना खाली आणायला तासन्‌तास लागले. त्यानंतर तिथे जिन्यावरून माणसाला उतरवण्याच्या खास खुर्च्या आणल्या गेल्या. २००१च्या हल्ल्यात सहकाऱ्यांनी अशाच खुर्चीतून त्यांना ६९व्या मजल्यावरून सुखरूप खाली आणलं. मधल्या काळात त्यांचं शरीर काही बदललं नव्हतं. तयारी झाली होती.

मग आम्ही योजना आखायला बसलो. सांगायचं बाईंनी, लिहायचं मी. आईंना मधे बोलू दिलं नाही, कारण या शरीराबद्दल बाईंइतकं कुणालाच माहीत नाही. लघवीच्या नळीची पिशवी खुर्चीला अडकवलेली असते. ती आधी न सोडता उचललं तर नळी ओढली जाऊन इजा होते, आणि नेताना पिशवी मूत्राशयापेक्षा वर धरायची नाही. उचलताच पाय आपोआप आखडतात, म्हणून गुडघ्यांजवळ पट्टा हवा. बसायची गादी सोबत न्यायचीच, नाहीतर कडक जमिनीवर काही तासांतच शय्याव्रण, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, सुरू होऊ शकतो. संवेदना नसल्यामुळे भाजलं-कापलं तरी कळणार नाही, इतरांनी बघावं लागेल. हे सगळं मोठ्या अक्षरांत एका कार्डावर लिहून खुर्चीच्या पाठीला लावलं. बॅटरीची खुर्ची इतकी जड की ती वरच राहणार, हे मान्य करणं त्यांना सर्वांत जड गेलं. घडीची जुनी खुर्ची त्यांनी तळमजल्यावर ठेवून दिली.

माणसं कोण? एकावर भिस्त ठेवू नका, निदान तिघं असू द्या, असं मी नेहमी सांगते, कारण त्या घटकेला एखादा घरी नसतो. मदत मागायची म्हटल्यावर बाई अडल्या. “लोकांना ओझं वाटेल.” मी म्हटलं, नकार देण्याची मोकळीक ठेवून विचारा. एका शेजाऱ्यांना पाठीचा त्रास होता, त्यांनी नाही म्हटलं, पण दाराबाहेरची वाट मोकळी ठेवण्याचं काम घेतलं. बाकीचे तयार झाले. एकाने तर विचारलं, “त्या रात्री तुम्ही हाक का नाही मारलीत? उचलताना काही दुखावलं तर, म्हणून आम्ही पुढे आलो नाही.”

सराव झाला तेव्हा सूचना बाईच देत होत्या: “आधी पिशवी. आता पट्टा. तीन म्हटल्यावर उचला.” पहिल्यांदा एकच मजला उतरले. आगीचा धूर जिन्यात असेल तर उतरायचं नाही, दार लावून फटीत ओली फडकी कोंबायची, खिडकीशी थांबून अग्निशमन दलाला मजला आणि खोली नेमकी सांगायची, हेही आईंकडून वदवून घेतलं.

प्रत्येकाची गरज वेगळी. ऐकू न येणाऱ्यांना उशीखाली थरथरणारा आणि दिव्याने उघडझाप करणारा अलार्म लागतो. न दिसणाऱ्यांनी बाहेरची वाट पायांनी पाठ करावी, आणि मदतनीसाने त्यांना ओढू नये, आपला दंड धरू द्यावा. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना अलार्मचा आवाज आधी हळू, मग मोठा असा ऐकवून सवय करता येते. श्वासाच्या यंत्रावर असणाऱ्यांनी बॅटरी किती तास चालते ते आजच तपासावं. औषधांची यादी, चष्मा, श्रवणयंत्राचे सेल एका पिशवीत पलंगाजवळ असावेत.

बाईंची झोप बरीच सुधारली, तरी आवाज झाला की अजून जाग येते. तेव्हा त्या कार्डावरचा क्रम मनात म्हणतात. मदतीला तयार झालेल्यांपैकी एक जण मध्यंतरी घर बदलून गेला. मला कळेपर्यंत बाईंनी वरच्या मजल्यावरच्या दोघांना विचारून, पिशवी कशी सोडवायची आणि पट्टा कसा बांधायचा ते शिकवून, जिन्यावर पुन्हा एक सरावही करून घेतला होता.