किर्गिझस्तानची ओळख कुठून सुरू करावी?

प्रश्न : आमच्या शाळेतील चौथीच्या मुलांना मध्य आशियातील एका देशाची ओळख करून द्यावयाची आहे. वर्गातील एका मुलीचा भाऊ बिश्केक येथे वैद्यकीय शिक्षण घेत असल्याने किर्गिझस्तान निवडला. परंतु राजधानी, चलन आणि लोकसंख्या यांपलीकडे मुलांना काय सांगावे?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : आपण या देशाच्या ध्वजापासून सुरुवात करावी. तांबड्या ध्वजावर ४० किरणांचा पिवळा सूर्य आहे आणि त्याच्या मधोमध एकमेकींना छेदणाऱ्या रेषांचे वर्तुळ आहे. मनास या महाकाव्याच्या नायकाने एकत्र आणलेल्या चाळीस जमातींची खूण म्हणून हे किरण ओळखले जातात. मधले वर्तुळ म्हणजे तुंदुक, अर्थात यर्ट या गोल घराच्या माथ्यावरचे लाकडी कडे. धूर बाहेर जातो तो तेथूनच आणि उजेड आत येतो तोही तेथूनच. राष्ट्रध्वजावर घराचे छप्पर का असावे, हा प्रश्न मुलांपुढे ठेवून थोडे थांबावे.

उत्तर डोंगरात आहे. तिएन शान पर्वतरांगांनी व्यापलेल्या या देशात मेंढपाळ कुटुंबे उन्हाळ्यात घोडे व मेंढ्या घेऊन उंचावरील कुरणांवर, म्हणजे जैलूवर जातात आणि थंडीपूर्वी खाली उतरतात. म्हणून घरही उचलून नेता येईल असेच हवे. यर्टची भिंत लाकडी पट्ट्यांच्या जाळीची असते, तिच्यावर टेकवलेले वासे तुंदुकच्या भोकांत बसतात आणि वरून लोकरीचा जाड नमदा पांघरला जातो. बांबूच्या पट्ट्या सुतळीने बांधून ही जाळी वर्गात अवश्य करून घ्यावी. ती मिटते आणि उघडते, हे हाताने अनुभवल्यावर फिरत्या घराची युक्ती निराळी समजावावी लागत नाही. आपल्याकडील धनगरांचे वाडे पाहिलेल्या मुलांना ऋतूनुसार स्थलांतर ही कल्पना नवी वाटणार नाही. फरक इतकाच की तेथील वाट मुख्यतः डोंगर चढण्या-उतरण्याची आहे.

सुमारे १,६०० मीटर उंचीवर असूनही हिवाळ्यात न गोठणारे, किंचित खारे इसिक-कुल सरोवरही जरूर सांगावे.

एक काळजी मात्र घ्यावी. आज तेथील सर्व लोक यर्टमध्ये राहतात, असा समज मुलांचा होता कामा नये. बहुतेकांची घरे पक्की आहेत. त्या विद्यार्थिनीच्या भावाकडून बिश्केकमधील रस्ते, बाजार आणि बहुमजली इमारती यांची छायाचित्रे मागवून ती यर्टच्या चित्राशेजारीच लावावीत.